पुढच्या शेवटी

सतरा नंबरच्या टेबलावर हात वर जातो.
मी सूप अर्धं टाकून उठते.
ऑस्त्रावाच्या ह्या जुन्या खाणकामगार-भवनात
शनिवारी दीडशे माणसं पत्ते मांडून बसतात
आणि मी काळा शर्ट घालून त्यांच्यामधून फिरते,
खिशात पेन,
डोक्यात दोनशे चाळीस पानं नियम.

एकीकडे मातोउश, वय तेरा, नाक वाहतंय.
दुसरीकडे कुबीचेक, वय मी विचारलेलं नाही,
नऊशे मीटर खाली एकवीस वर्षं काढलेले.
पत्ते अजून छातीशी धरतात,
वारा लागून विझतील असे.

आधी काय घडलं?
हा माझा पहिला प्रश्न असतो, नेहमी.
कोण बरोबर, हे मी विचारत नाही,
ते तर दोघेही असतात.

घडलं ते असं:
पोराच्या खेळीत म्हाताऱ्यांचा 'राखेतला बगळा' मेला.
बगळा खेळीच्या शेवटी परत येतो, तशी त्याची ख्यातीच आहे.
मग पोरानं टाकलं 'बंद घड्याळ':
ही खेळी इथेच तुटते,
तिला शेवट नाही.
आता शेवटच नसेल, तर बगळ्यानं यायचं कधी?

मला वाटलं, नेहमीचंच.
ज्याचा पक्षी तो म्हणणार येतो,
ज्याचं घड्याळ तो म्हणणार गेला.
पण कुबीचेक बगळ्यावर बोट ठेवून म्हणाले, मेला.
इथे लिहिलंय, 'ह्या खेळीच्या शेवटी'. वाचा.
आणि हात वर केला होता तो पोरानं:
नाही, तो येतो, मी वाचलंय,
ह्यांना पटतच नाही.

अकरा वर्षं मी भांडणं सोडवतेय.
दुसऱ्याच्या बाजूनं भांडणारे दोघं
एकाच टेबलावर पहिल्यांदा पाहिले.

पत्ता जुना. कडा मऊ झालेल्या, एक कोपरा चावलेला.
नव्या आवृत्तीत एकच शब्द बदललाय:
'ह्या'च्या जागी 'पुढच्या'.
आणि नियम असा, की हातात कुठलाही छाप असो,
मजकूर सगळ्यात नवा धरायचा.
म्हणजे बगळा थांबतो.
शेवट हुकला तर त्याच्या पुढचा शेवट येईपर्यंत,
कुठे थांबतो ते लिहिलेलं नाही,
पण थांबतो.

मी निकाल दिला. तीन मिनिटं वाढवून दिली.
छापलंय ती काळ्या दगडावरची रेघ, कुबीचेक पुटपुटले.
काळा दगड माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत.
मी काही बोलले नाही.

मग त्यांची खेळी.
एक पत्ता ओढला. बराच वेळ पाहिला.
एक सैनिक पुढे सरकवला, पुन्हा मागे घेतला,
पुन्हा पुढे.
मेलेल्यांच्या ढिगावर बगळा सगळ्यात वर होता,
चोच माझ्याकडे.
आणि ते म्हणाले, तुझी खेळी.

विसरले?
की माझा निकाल त्यांनी ऐकला फक्त, घेतला नाही?

पत्ता ज्याचा, आठवण त्याची, हाही नियमच.
मी आठवण करून द्यायची नाही.
भुवई उचलायची नाही. खोकायचंसुद्धा नाही.
पंचाच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली
पान एकशे बारावर.

मातोउशला अजून एक घाव पुरे.
बगळा नसेल, तर मधे कुणीच नाही.
मघाशी तो खरं बोलला तेव्हा
त्याला हे दिसत होतं का, कोण जाणे.
आता दिसतंय.
बाहीनं नाक पुसतो.
ढिगाकडे बघतो, मग माझ्याकडे,
माझ्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते.

त्यानं बोलावं की बोलू नये
ह्याबद्दल दोनशे चाळीस पानांत
एक ओळही नाही.

एकतीस नंबरवर हात वर जातो.
मला जावं लागतं.